हात मोकळे, पण ध्यान कुठं?



गळीत हंगाम सुरू झाला की मध्यरात्रीसुद्धा कारखान्याचा रस्ता जागा असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्याच्यापुढं बैलगाड्यांची रांग आणि त्यातून वाट काढणारा मोटारसायकलवाला. ट्रॅक्टरच्या सीटवर ड्रायव्हर आणि ड्रायव्हरजवळ मोबाइल. मुकादम विचारतो, "खेप कधी सुटणार?" चिटबॉय विचारतो, "काट्यावर पोचलास का?" आणि खरं सांगायचं तर आपणही विचारतोच, "माझा ऊस कुठवर आला?"

हल्ली उत्तराला बटणं दाबत बसावं लागत नाही. तोंडानं सांगितलं की फोन मजकूर लिहून देतो. २०१७ सालापासून गूगलच्या कीबोर्डवर मराठीतही ही सोय आहे. ज्याला लिहिण्याची अडचण, त्यालाही निरोप धाडता येतो. सोय चांगली आहे. घरी, शेतात जरूर वापरावी. पण ड्रायव्हर मंडळी म्हणतात की आता हात स्टिअरिंगवर राहतात, डोळे रस्त्यावर राहतात, मग धोका कसला? हे वरवर पटण्यासारखं आहे. म्हणूनच ते कुणी तपासून पाहिलं आहे काय, हे बघायला हवं.

अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची एक वाहतूक संशोधन संस्था आहे. तिनं २०१३ साली ४३ जणांकडून खऱ्या मोटारी चालवून घेऊन ही चाचणी केली. रस्ता रहदारीला बंद ठेवलेला. प्रत्येकानं आधी फोनला हात न लावता गाडी चालवायची, मग बोटानं संदेश लिहीत, मग तोंडानं सांगून. तोंडी संदेशासाठी 'सिरी' आणि 'व्लिंगो' असे दोन निरनिराळे प्रोग्रॅम घेतले होते, म्हणजे एखादाच प्रोग्रॅम वाईट होता असं कुणी म्हणायला नको. गाडी चालू असताना मधूनच एक दिवा लागे. तो दिसताच ड्रायव्हरनं बटण दाबायचं. किती वेळात दाबलं, त्याची नोंद व्हायची.

फोन न वापरता जितका वेळ लागला, त्याच्या साधारण दुप्पट वेळ बोटानं लिहिताना लागला. आणि तोंडानं सांगताना? तोही साधारण दुप्पटच. नजरसुद्धा दोन्ही वेळा रस्त्यावर कमीच राहिली. शिवाय निरोप पुरा करायला तोंडी पद्धतीत उलट थोडा जास्त वेळ गेला. याचं कारण आपल्याला नवं नाही. आपण "तोडणी" म्हणायचं आणि यंत्रानं "जोडणी" लिहायचं. मग बघा, खोडा, पुन्हा सांगा.

या चाचणीतली मला सर्वांत बोचलेली गोष्ट पुढंच आहे. बोटानं लिहिण्यापेक्षा तोंडानं सांगताना आपण जास्त सुरक्षित आहोत, असं त्या माणसांना वाटत होतं. प्रत्यक्षात उशीर तेवढाच! बोटानं लिहिणाऱ्याला निदान धाकधूक असते. बोलणारा निर्धास्त असतो.

आता हे आपल्या रस्त्यावर मोजू. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी मोटारसायकल एका सेकंदात ११ मीटर जाते. बैलगाडी दिसून ब्रेककडं पाय जायला एक सेकंद लागत असेल आणि त्याचे दोन झाले, तर आणखी ११ मीटर रस्ता ब्रेक न लागताच संपला. ट्रॅक्टर त्यापेक्षा सावकाश चालतो हे खरं, पण त्याच्यामागं उसाचा बोजा असतो आणि बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतंत्र ब्रेक नसतात. तिथं पाय उशिरा पडून कसं चालेल?

युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी त्याच वर्षी हाच प्रश्न दुसऱ्या अंगानं पाहिला. मनावर किती भार पडतो हे त्यांनी एका मापावर मांडलं. नुसती गाडी चालवणं म्हणजे १, आणि गणितं सोडवत शब्द पाठ करणं म्हणजे ५. रेडिओ ऐकण्याला १.२१ आला, फोन हातात धरून बोलण्याला २.४५, हात मोकळे ठेवून फोनवर बोलण्याला २.२७. म्हणजे हात मोकळे करून फारसं काही सुटलं नाही. आणि तोंडानं संदेश सांगण्या-ऐकण्याला आला ३.०६. २०१५ साली त्यांच्याच चाचण्यांत असंही आढळलं की काही यंत्रणांच्या बाबतीत बोलणं संपल्यावरसुद्धा २७ सेकंदांपर्यंत मन पुरतं रस्त्यावर येत नाही. ताशी २० किलोमीटरनं चालणारा ट्रॅक्टर तेवढ्यात १५० मीटर पुढं गेलेला असतो.

या चाचण्या मोटारींवर झाल्या, ट्रॅक्टरवर नव्हे. यंत्राचे कानही तेव्हापेक्षा आज सुधारले आहेत. मात्र निरोपाचे शब्द जुळवायला माणसाला डोकं लागतं, ते तेवढंच लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरलेला फोन वापरणं धोकादायक चालवण्यात धरलं आहे. तिथं शब्द हाताचा आहे. ध्यानाचं काय, हे आपलं आपणच बघायचं.

आणि इथं दोष एकट्या ड्रायव्हरला देऊन भागणार नाही. चालत्या ट्रॅक्टरवर फोन करतं कोण? चिटबॉय, मुकादम, वाहनमालक आणि सभासद. खेप फडातून सुटली की पुढचा निरोप काट्यावरच द्यायचा, असं गटागटांत ठरवता येईल. फारच निकड असेल तर ड्रायव्हरनं गाडी रस्त्याच्या कडेला पुरती उतरवून, मागचे दिवे चालू ठेवून बोलावं. ऊस कुठवर आला हे दहा मिनिटं उशिरा कळलं म्हणून वजन घटत नाही.

कुणाला अजून पटत नसेल त्यांच्यासाठी शाळेतली एक फूटपट्टी पुरे. एकानं पट्टी वरच्या टोकाला उभी धरायची. दुसऱ्यानं खालच्या टोकाशी, शून्याच्या आकड्याजवळ, अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. पहिल्यानं न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्यानं पकडायची. पाचसहा वेळा करून किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहून ठेवावं. मग त्याच माणसानं दुसऱ्या हातात फोन घेऊन तोंडानं निरोप सांगावा, "उद्या सकाळी टोळी दुसऱ्या फडात लावा, वाढ्याचं काय ते बघा," आणि तो सांगत असतानाच पट्टी सोडावी. एक हिशेब आधीच सांगतो. जो १५ सेंटिमीटरवर पकडतो, त्याचा वेळ दुप्पट झाला तर पट्टी ६० सेंटिमीटर खाली गेलेली असेल. म्हणजे फूटपट्टी केव्हाच जमिनीवर! गाडीतळावर नंबर लागेपर्यंत वेळ असतोच. तिथं ड्रायव्हर मंडळींनी आणि चिटबॉयनी एकमेकांवर करून पाहावं.