दंतशर्करा आणि नवीं दंतमंजनें

सकाळच्या नित्यकर्मांत दंतधावनाइतकें नियमानें होणारें, व तितक्याच अनवधानानें उरकलें जाणारें, दुसरें कर्म क्वचितच सांपडेल. पुणें शहरांतील औषधांच्या कोणत्याही दुकानीं गेलें असतां किटणावरील खास उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या टूथपेस्टी आणि चुळा भरण्याचीं रंगीत द्रव्यें ओळीनें मांडलेलीं दिसतात. घरांतील वडील मंडळी तीं विश्वासानें आणतात. दांतांवरचा पिवळा खडा मात्र होता तेथेंच राहतो. या द्रव्यांचें सामर्थ्य किती व त्यांची मर्यादा कोणती, याचा विचार प्रत्येक कुटुंबानें एकदां करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम किटण म्हणजे काय तें पाहूं. दांत स्वच्छ केल्यावर थोड्याच वेळांत त्यांवर लाळेचा सूक्ष्म पापुद्रा बसतो, व त्यावर जंतूंचा चिकट, मऊ थर वाढूं लागतो. हॉलंडमधील लीवेनहुक यानें स्वतःच्या दांतांवरील असा लेप भिंगाखालीं धरून त्यांत हलणारे जीव पाहिले, व १६८३ सालीं तें वृत्त लिहून कळविलें. या थरांत लाळेंतील कॅल्शियम व फॉस्फेट उतरलें म्हणजे कांहीं दिवसांतच तो दगडासारखा कठीण होऊं लागतो. खालच्या पुढच्या दांतांच्या आंतल्या बाजूस आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूस किटण अधिक सांठतें. कारण लाळेच्या नलिका त्याच जागीं उघडतात. पुष्कळ लोक बोअरच्या जड पाण्यास दोष देतात. परंतु किटणांतील क्षार येतात ते मुख्यतः लाळेंतून.

हा विषय आपल्या प्राचीन वैद्यांस अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत दंतशर्करा नांवाचा रोग सांगितला आहे. येथें शर्करा म्हणजे साखर नव्हे, बारीक खडे. दांतांवरचा मळच घट्ट होऊन खड्यांसारखा बसतो व दांतांचे गुण हरण करतो, असें त्याचें वर्णन आहे. मऊ मळ आणि कठीण किटण हीं एकाच वस्तूचीं दोन रूपें, हें त्यांत स्पष्ट दिसतें. उपायही दोन ठिकाणीं, दोन प्रकारचे आहेत. दिनचर्येंत बारा अंगुळें लांब व करंगळीएवढी जाड दांतकाडी सांगितली असून तिच्या मऊ कुंच्यानें एकेक दांत, हिरड्यांस इजा न करतां, घांसावा असें म्हटलें आहे. कडू झाडांत निंब व तुरट झाडांत खैर श्रेष्ठ मानिला आहे. पण शर्करा एकदां जमली म्हणजे वैद्यानें ती दंतमूलें न दुखवितां खरवडून काढावी, व मग लाखेचें चूर्ण मधांतून चोळावें, अशी आज्ञा आहे. शस्त्रांच्या यादींत दंतशंकु आहे तो याच वर्गांतल्या कामासाठीं. थोडक्यांत, रोजचें घांसणें हें गृहस्थाचें काम, आणि खरवडणें हें वैद्याचें.

आपल्या प्रांतांत पुढें राखुंडी व नाना प्रकारचीं मंजनें चाललीं. केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं मुंबईंत विको कंपनी स्थापून वनस्पतींचें वज्रदंती मंजन घरोघर पोंचविलें. मऊ थर निघावा एवढें काम नेमानें वापरलेलें कोणतेंही चांगलें मंजन करतें. फार खरखरीत पूड मात्र दांतांचें कवच झिजविते, म्हणून ती वर्ज्य करावी.

नव्या टूथपेस्टींनीं दुसरी वाट धरली. बंबाच्या तळाशीं क्षाराचा थर चढतो हें जुन्या घरांतील गृहिणींस ठाऊक आहे. नळांत असा थर बसूं नये म्हणून पाण्यांत कांहीं फॉस्फेटें घालण्याची युक्ति कारखान्यांत पूर्वींपासून होती. १९६० नंतरच्या दशकांत हर्बर्ट फ्लायश व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, शरीरांतील पायरोफॉस्फेट हें द्रव्य अशाच रीतीनें कॅल्शियम फॉस्फेटाचे स्फटिक वाढूं देत नाहीं. तें स्फटिकांच्या पृष्ठभागास चिकटून त्यांची वाढ अडवितें. याच तत्त्वावर अमेरिकेंत १९८५ सालीं क्रेस्ट टूथपेस्टचा किटणरोधक प्रकार निघाला. तोंडांतील पाचकद्रव्यें पायरोफॉस्फेटाचे तुकडे करतात. म्हणून कांहीं कारखानदारांनीं त्याच्या रक्षणार्थ दुसरें द्रव्य जोडलें, तर कांहींनीं जस्ताचे क्षार योजिले. यांनीं हिरडीच्या वर किटण कमी जमतें. परंतु जमलेलें निघत नाहीं, व हिरडीखालीं लपलेल्या किटणापर्यंत त्यांचा प्रभाव पोंचत नाहीं.

चुळांच्या औषधांविषयीं अधिक सावध असावें. क्लोरहेक्सिडीन मऊ थरावर फार गुणकारी खरें. पण दीर्घकाळ वापरल्यास दांतांवर तपकिरी डाग पडतात आणि किटण उलट वाढूंही शकतें. तें दंतवैद्यानें सांगितलें तितकेच दिवस वापरावें.

एवढी काळजी कशासाठीं, असें कोणी विचारील. १९६५ सालीं डेन्मार्कमध्यें लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बारा निरोगी माणसांस दांत घांसणें थांबविण्यास सांगितलें. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या, व पुन्हा घांसूं लागतांच त्या बऱ्या झाल्या. सूज वर्षानुवर्षें राहिली तर मात्र कित्येकांच्या दांतांखालचें हाड झिजतें, आणि तें आपोआप भरून येत नाहीं. न किडलेले दांत म्हातारपणीं हलूं लागतात ते बहुधा यामुळें.

‘दंतवैद्याकडून दांत खरवडले कीं ते हलतात’ ही समजूत मात्र घरांतून जावयास हवी. हाड आधींच झिजलेलें असतें. किटणाच्या आधारानें तो दांत स्थिर भासत असतो, इतकेंच. सूज उतरल्यावर फटी दिसतात व कांहीं दिवस थंड पाणी झोंबतें. त्यास भिऊन मागें फिरूं नये. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं फ्लोराइडयुक्त पेस्टनें मऊ ब्रश हळू फिरवावा, दांतांच्या फटीही स्वच्छ कराव्या, आणि किती दिवसांनीं तपासून घ्यावयाचें तें दंतवैद्यास विचारावें. मंजनाचा रंग व जाहिरात यांपेक्षां या नेमाचें मोल अधिक आहे. आजोबांच्या ताटांतली भाकरी कुसकरून द्यावी लागूं नये, यासाठीं हा नेम घरांतल्या नातवंडांपासूनच लावावा.