स्लॉटमध्ये बसले म्हणजे चालेलच असे नाही! एसएसडी, रॅम, मेमरी कार्ड घेण्याआधी हे तपासा

शहापूर/मुरबाड : जुना लॅपटॉप मंद झाला की एसएसडी किंवा रॅम बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो. सल्ला चांगला आहे. पण ऑनलाइन मागवलेला भाग जुळला नाही, तर मुरबाडकरांना एसटीने कल्याण आणि शहापूरकरांना आसनगावहून लोकलने कल्याण किंवा थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. दिवस जातो, भाडे जाते. म्हणूनच पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा : आकार, पद्धत आणि मर्यादा.

एसएसडी : एकच स्लॉट, दोन पद्धती
नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीसारखी दिसणारी एसएसडी बसते. तिच्या स्लॉटला 'एम.२' म्हणतात. कार्डावर २२८० लिहिले असेल, तर रुंदी २२ मिलिमीटर आणि लांबी ८० मिलिमीटर. हा झाला आकार.

खरी गफलत पद्धतीत होते. एम.२ एसएसडी दोन प्रकारच्या असतात : साटा आणि एनव्हीएमई. साटाचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत, तर एनव्हीएमईचा त्याच्या कित्येक पट असू शकतो. काही स्लॉट दोन्ही चालवतात, काही एकच. त्यामुळे कार्ड नीट बसते, स्क्रूही लागतो, पण लॅपटॉपला ते दिसतच नाही. कार्डावर एक खाच असेल तर ते बहुधा एनव्हीएमई, दोन असतील तर बहुधा साटा. तरी फक्त खाचांवर विसंबू नका, लेबल वाचा.

लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉटच नसेल तर? जुनी साटा हार्ड डिस्क काढून त्याच जागी अडीच इंची साटा एसएसडी लावता येते. जुन्या लॅपटॉपसाठी हाच सर्वांत कमी जोखमीचा मार्ग.

रॅम : पिढी बदलली की खाच बदलते
डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या. तिन्हींची खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टेजही वेगळे. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावला, तर स्लॉट तुटण्याचीच भीती. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डलाच डाख दिलेली असते, ती बदलता येत नाही. तसेच प्रत्येक मॉडेलला जास्तीत जास्त किती जीबी चालते, याची मर्यादा ठरलेली असते.

मेमरी कार्ड : आकार तोच, मर्यादा वेगळी
एसडीएचसी कार्ड ३२ जीबीपर्यंत असते. त्यावरचे, म्हणजे ६४ जीबी वगैरे, एसडीएक्ससी. दोन्ही दिसायला सारखीच. पण फक्त एसडीएचसी चालवणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचे कार्ड चालण्याची खात्री नसते. उलट नव्या उपकरणात जुने कार्ड सहसा चालते. मोबाइलमध्ये आणखी एक अडचण : काही फोनच्या ट्रेमध्ये एकाच जागेत दुसरे सिम किंवा मेमरी कार्ड, दोन्हींपैकी एकच बसते.

कडेचा रुंद स्लॉट कसला?
सेकंडहँड लॅपटॉपच्या कडेला कधी प्लास्टिकची पट्टी खोचलेला रुंद स्लॉट दिसतो. तो बहुधा जुन्या पीसी कार्डचा किंवा एक्सप्रेसकार्डचा असतो. या दोन्हींची कार्डेही एकमेकांच्या स्लॉटमध्ये चालत नाहीत. आज ती बहुतेक कामे यूएसबी करते, त्यामुळे या स्लॉटसाठी जादा पैसे मोजू नका.

मागवण्याआधी काय कराल?
- लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेला पूर्ण मॉडेल क्रमांक टिपा. नुसते कंपनीचे नाव पुरत नाही.
- त्या क्रमांकाचे मॅन्युअल कंपनीच्या वेबसाइटवर शोधा. त्यात मेमरी आणि स्टोरेज हे भाग वाचा.
- विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडली की रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत ते दिसते.
- जुन्या भागावरच्या लेबलचा फोटो काढून दुकानदाराला दाखवा.
- वस्तू परत करण्याची मुदत आधीच पाहा आणि डेटाची प्रत काढून ठेवा.

आणखी एक हिशेब. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. एसएसडी किंवा रॅम वाढवल्याने जुना प्रोसेसर विंडोज ११साठी पात्र ठरत नाही. त्यामुळे खर्च करण्याआधी लॅपटॉप त्यात बसतो का, तेही पाहून घ्या.