सुमोच्या रिंगणातील अंमलदार
मल्लांच्या अवाढव्य देहांवर खिळलेली दृष्टी क्षणभर वळविली, तर भरजरी दरबारी पोशाखातील ‘ग्योजी’ म्हणजे पंच दिसतो. त्याचा हुद्दा पायांवरून ओळखावा, कारण कनिष्ठ अनवाणी, मधले मोजे घालून, तर वरिष्ठ वहाणांसह रिंगणात उतरतात. सर्वोच्च ग्योजीच्या कमरेची कट्यार निवाडा चुकल्यास प्राणार्पणाची सिद्धता सुचविते. प्रत्यक्षात आज तो राजीनामा सादर करतो, आणि तोही बहुधा नामंजूरच होतो! कुस्ती कितीही अटीतटीची असो, हातातील पंखा त्याने तत्काळ एका बाजूस दाखविलाच पाहिजे. मात्र भोवती बसलेले पाच परीक्षक, जे सारे निवृत्त मल्लच असतात, हरकत घेऊन तो फैसला फिरवू शकतात, आणि त्या मसलतीत ग्योजीला मताधिकार नसतो. नावांचा पुकारा करणारे ‘योबिदाशी’च मातीचे रिंगण बांधतात, झाडतात, नगाराही वाजवितात.