जुनी जावा-येझदी पुन्हा उभी करताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी या नावाने रस्त्यावर आलेल्या मोटरसायकलींचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले; मात्र या गाड्या दुरुस्त करून पुन्हा चालवण्याची हौस आजही टिकून आहे. या हौसेत दोन वेगळी कामे एकाच नावाखाली मोडतात. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या अवस्थेला नेणे म्हणजे पुनरुज्जीवन, तर मालकाच्या आवडीप्रमाणे तिची टाकी, सीट, हँडल वा सायलेन्सर बदलणे म्हणजे रूपांतर. आणि पहिल्यासाठी जे जपावे लागते तेच दुसऱ्यात बहुधा प्रथम काढून टाकले जाते. नवा रंग आणि झगझगीत क्रोम म्हणजे पुनरुज्जीवन, ही समजूत या गोंधळातूनच आली आहे. २०१८ मध्ये आलेल्या नव्या जावाचे सुटे भाग जुन्या गाडीला बसतील, अशी आशाही व्यर्थ आहे, कारण नव्या गाडीचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे आणि जुनीचे टू-स्ट्रोक.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण थेट सिलिंडरमध्ये जात नाही. ते आधी पिस्टनखालच्या, क्रँक फिरते त्या बंदिस्त पोकळीत ओढले जाते आणि पिस्टन खाली येताना दाबले जाऊन वर ढकलले जाते. ही रचना ध्यानात न घेतल्यामुळे ‘धूर येतो म्हणजे रिंग गेली’ असे निदान करून सिलिंडर बोअरिंगला पाठवला जातो. वस्तुतः क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेले रबरी ऑइल सील वर्षानुवर्षे उभ्या गाडीत कडक होऊन चिरतात. क्लचच्या बाजूचा सील गेला की गिअरबॉक्सचे तेल त्या पोकळीत ओढले जाऊन दाट धूर निघतो, आणि डायनॅमोच्या बाजूचा गेला की बाहेरची हवा आत शिरून मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन तापते व पिस्टन सिलिंडरला चिकटतो. बोअरिंग करण्यापूर्वी सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, तसेच प्रत्येक ठिकाणी एकमेकांस काटकोनात दोन दिशांनी मोजला पाहिजे, कारण अडीचशे सीसीच्या इंजिनात मूळचा ६५ मिलिमीटरचा गोल झिजताना सर्वत्र सारखा झिजत नाही. तो किंचित लंबगोल होतो. मोजमाप मर्यादेत असेल तर केवळ नवे सील आणि रिंग घालून इंजिन पुरेसे चालते, आणि पुढच्या एखाद्या बोअरिंगसाठी धातू शिल्लक राहतो.

पेट्रोलमध्ये तेल जितके जास्त तितके इंजिन सुरक्षित, हाही असाच पक्का बसलेला समज आहे. कार्ब्युरेटरच्या जेटमधून, म्हणजे ठरावीक मापाच्या बारीक छिद्रातून, येणाऱ्या द्रवात तेल वाढले की पेट्रोल तेवढे कमी होते, हवा मात्र तेवढीच राहते. परिणामी इंजिन थंड राहण्याऐवजी अधिक तापू शकते, शिवाय सायलेन्सरमध्ये काजळी साचते ती वेगळीच.

सायलेन्सरच्या बाबतीत तर सर्वाधिक नुकसान होते. आतली जाळी काढली की आवाज मोकळा होतो, आणि आवाज वाढला म्हणून ताकदही वाढली असे वाटते. टू-स्ट्रोक सिलिंडरच्या धूर जाण्याच्या वाटेला झडप नसते, त्यामुळे जळालेल्या वायूबरोबर थोडे ताजे मिश्रणही निसटते. मधे फुगीर आणि शेवटी निमुळत्या नळीतून परतणाऱ्या दाबाच्या लहरी या निसटत्या मिश्रणाला काही प्रमाणात अडवतात. म्हणजे सायलेन्सर हा इंजिनाच्या ताकदीचाच भाग आहे. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही या गाड्यांची ओळख असून, गाडी दमल्यासारखी वाटत असेल तर उपाय जाळी फेकून देण्यात नसतो. ती बाहेर काढून, काजळी खरवडून परत बसवण्यात असतो. त्यानंतर परत येतो तो या गाडीचा खरा आवाज, आणि तो कोणत्याही फटाका सायलेन्सरपेक्षा श्रेष्ठ आहे.

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर जुनी गाडी चालूच शकत नाही, ही भीतीही अतिरंजित आहे, पण निराधार नाही. इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर व बूच फुगवते आणि स्वतःत ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडे पातळ करते. त्यामुळे इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या व सील, गरज पडल्यास एक क्रमांक मोठा जेट, आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी व कार्ब्युरेटरची वाटी रिकामी ठेवणे, एवढी तजवीज आवश्यक ठरते.

स्वतःच्या गाडीत हवा तो बदल करता येतो, हा समज कायद्याला मान्य नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिच्यासाठीही चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणून चासी रंगवायला देण्यापूर्वी तिच्यावरील ठोकलेल्या क्रमांकाचे छायाचित्र काढावे आणि त्या जागेवर पट्टी चिकटवण्यास कारागिराला बजावून सांगावे, कारण पावडर कोटिंगचा जाड थर त्या आकड्यांत भरला की ते वाचता येत नाहीत, आणि क्रमांक न जुळणाऱ्या गाडीची नोंदणी आरटीओत अडते.