गाढवाला बैलाचे औषध नको

दिवाळी सरली की वसई, वाडा, भिवंडी या पट्ट्यात वीटभट्ट्यांची तयारी सुरू होते. ट्रॅक्टर-टेम्पो आले तरी चढावरच्या वस्तीत, अरुंद गल्लीत रेती-विटा पोचवायला अजून कुठे कुठे गाढवच लागते. देशात २०१२ साली सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती, २०१९ च्या पशुगणनेत ती १ लाख २० हजारांवर आली. ज्याच्या दारात आज दोन-चार उरली आहेत, त्याचे घर त्यांच्याच पाठीवर चालते.

आणि तेच जनावर आजारी पडले की, "गाढवाला काय होतंय?" म्हणून दोन दिवस कुणी बघत नाही. घोड्याच्या पोटात दुखले तर तो लोळतो, पाय आपटतो. गाढव नुसते मान खाली घालून उभे राहते. त्याने चारा सोडला हीच त्याची बोंब समजावी. उपाशी गाढवाच्या अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होते आणि काही दिवसांत जनावर हातचे जाते. गाभण मादी व लठ्ठ जनावर यांना धोका अधिक. म्हणून एक दिवस खाल्ले नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुसरी चूक औषधाची. गोठ्यात बैलाचे उरलेले औषध असते, तेच अंदाजाने टोचले जाते. बैल साडेतीनशे-चारशे किलोचा. आपल्याकडच्या गाढवाचा पुढच्या पायांमागून छातीचा घेर १०० सेंटिमीटर व खांद्यापाशी उंची ९५ सेंटिमीटर भरली, तर वजन १०५ किलोच्या आसपास येते. टेपने मोजून हे आकडे डॉक्टरांना सांगा, मात्रा ते ठरवतील. गुरांच्या गोचीडतापावरचे डायमिनाझिन गाढवाला सहज सोसत नाही. उलट काही वेदनाशामके त्याच्या अंगातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात, म्हणजे घोड्याचा हिशेबही जसाच्या तसा चालत नाही. पोट फुगले म्हणून बाटलीने तेल पाजू नये. ते फुप्फुसात गेले तर बरे होणारे जनावरही मरते. आपल्याकडे पोल्ट्र्या पुष्कळ, तिथले उरलेले खाद्यही घालू नका. त्यात कोंबड्यांच्या हगवणीवरचे मोनेन्सिन असू शकते, ते घोडा-गाढवाच्या हृदयाला विष आहे.

पाठीवरच्या जखमेवर जळके इंजिन ऑइल लावणे, डागणी देणे हे आता थांबवा. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ घालून जखम धुवावी, पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि भरेपर्यंत ओझे लादू नये. खुरात खिळा गेला तर धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नका. १९६५ च्या नियमाप्रमाणे गाढवावर ५० किलोपर्यंतच भार चालतो, म्हणजे तीन किलोच्या सोळा विटा. भट्टीवर हे कोण मोजतो, हा प्रश्न निराळा!

ग्रामसेवक, तलाठी मंडळींनी एक रोग मात्र ध्यानात ठेवावा. नाकातून चिकट पिवळा शेंबूड, नाकात व्रण, कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्सचा संशय घ्यावा. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही. जनावर वेगळे बांधावे, त्याची बादली दुसऱ्याला वापरू नये. २००९ च्या कायद्याने मालकाने संशयाची खबर गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला द्यायची असते आणि तिथून ती पशुवैद्यकापर्यंत जाते. रक्ताचा नमुना तपासणीला हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातो. रोग ठरला तर जनावर दयामरणाने संपवावे लागते, म्हणून मालक लपवतो. त्याची अडचण खरी आहे, पण लपवलेले एक जनावर भट्टीवरच्या सगळ्या गाढवांना आणि शेजारी झोपणाऱ्या पोरांनाही धोक्यात घालते.

दवाखाना लांब असेल तर फिरत्या पथकासाठी १९६२ हा फोन फुकट लागतो. फोनवर नुसते "जनावर आजारी आहे" म्हणू नका. "गाढव आहे, कालपासून खात नाही," असे स्पष्ट सांगा, म्हणजे डॉक्टर त्या हिशेबाने औषध घेऊन निघतील.