घरच्या बिअरची अदलाबदल

अमेरिकेत घरी बिअर बनवायला केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली ती १९७८ साली, जिमी कार्टर यांच्या सहीने. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर. विकायची मात्र नाही. एवढी बिअर एकटा पिणार कोण? म्हणून हौशी मंडळी बाटल्यांची अदलाबदल करतात. जितके जण, तितक्या बाटल्या आणायच्या आणि प्रत्येकाची एकेक घेऊन जायची. तिथलं टपाल खातं दारूचं पार्सल घेत नाही, तेव्हा भेटणं आलंच.

खरी काळजी बाटलीची. भरताना थोडी साखर घालतात; उरलेलं यीस्ट ती खाऊन वायू सोडतं, तोच फेस. पण आंबणं पुरतं संपण्याआधी बाटली भरली, तर दाब वाढून काच फुटू शकते. म्हणून बाटली भरल्याची तारीख, बिअरचा प्रकार आणि अल्कोहोलचं प्रमाण चिठ्ठीवर लिहायला लावावंच. काच तपकिरी बरी. उजेडाने हॉप्समधली द्रव्यं बिघडून बिअरला घाण वास येतो. आणि चव घेतल्यावर स्पष्ट बोलावं, नुसतं ‘छान’ काय कामाचं?

महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्या.