झाकण धरून ठेवते ती हवा

जॅमची नवी बाटली उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो, तो बाहेरची हवा आत घुसल्याचा. तोवर झाकण घट्ट धरून ठेवण्याचे मुख्य काम आट्यांचे नसते. ते हवाच करत असते.

उकळता जॅम भरताना बाटलीत वर थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडतात. तिथल्या हवेला वाफ हुसकावून लावते, लगेच झाकण बसते. बाटली निवली की वाफेचे पाणी होते आणि त्या जागेत फारसे काही उरत नाही. बाहेरची हवा मात्र दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलोच्या भाराने दाबतच असते. झाकण ७ सेंटीमीटर व्यासाचे धरले आणि आतला दाब निम्म्यावर आला, तरी त्यावर १९ किलोंच्या आसपास भार पडतो! म्हणूनच मनगट दुखेपर्यंत न हललेले झाकण चमच्याच्या टोकाने कडेला किंचित उचकटले की मुकाट्याने फिरते. झाकणाच्या आत कडेने मऊ थर असतो. तो उष्णतेने नरम होऊन काचेच्या काठावर बसतो. काठावर जॅमचा एक थेंब सांडलेला असला तरी फट राहू शकते.

पॅरिसजवळच्या निकोला अपेर या मिठाईवाल्याने बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट मारून त्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. या पद्धतीबद्दल १८१० साली त्याला फ्रेंच सरकारकडून १२,००० फ्रँक मिळाले. अन्न का टिकते हे त्यालाही ठाऊक नव्हते. ते कळायला पाश्चर यावा लागला. आट्यांच्या बरणीचे पेटंट अमेरिकेच्या जॉन मेसनने १८५८ मध्ये घेतले. तिच्या आजच्या अवतारात पत्र्याची चकती आणि आट्यांचे कडे वेगळे असते. बरणी गार झाल्यावर कडे काढून ठेवले तरी चकती जागची हलत नाही.

पण निर्वात म्हणजे निर्धोक नव्हे. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू हवा नसलेल्या जागीच फोफावतात आणि त्यांचे बीजाणू १०० अंशांच्या उकळीलाही दाद देत नाहीत. त्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. आंबट पदार्थात, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली, ते वाढत नाहीत. जॅमला नुसती उकळी पुरते ती त्यामुळे. आपल्या लोणच्याच्या बरणीला तर नुसता दादरा बांधला तरी चालते, कारण तिथे राखण मीठ, आंबटपणा आणि वर तरंगणारे तेल करते.

दुकानात झाकणाच्या मधला फुगवटा बोटाने दाबून पाहा. तो खालीवर होत असेल, तर बाटली घेऊ नका. आणि मटार, मका, मशरूम घरी नुसते उकळून बाटलीबंद करू नका. बोट्युलिझमचे विष वासाने किंवा चवीने ओळखू येईलच असे नाही. त्यापेक्षा मटार फ्रीझरमध्येच बरे.